तार ज्याची, मजकूर त्याचा नव्हे

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात राहणाऱ्या एका संगणकज्ञ गृहस्थांना जुन्या गाण्यांचा नाद होता. चार पुरुषांनी वाद्यांच्या साथीवाचून गाण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात लोकप्रिय होती, तिची ध्वनिमुद्रणे जमवावीत आणि इंटरनेटवरून समानधर्मी मंडळींना द्यावीत, हा त्यांचा निरुपद्रवी छंद. २००७ साली त्यांच्या ध्यानात आले की, ही गाणी त्यांच्या संगणकाबाहेर पडेनाशी झाली आहेत. पत्रे जात होती, वृत्तपत्रे वाचता येत होती, जोडणीत कोठे दोष दिसत नव्हता. अडत होती ती केवळ फायलींची देवाणघेवाण. त्यांनी तारेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांची तपासणी केली, तेव्हा जो उलगडा झाला तो चकित करणारा होता. देवाणघेवाण चालू असताना मध्येच ‘संभाषण संपले’ अशा अर्थाचा एक संदेश येई आणि जोडणी तुटे. तो संदेश पलीकडच्या माणसाच्या नावाने येत असे. परंतु पलीकडच्या माणसाने तो धाडलेलाच नसे. तो धाडीत होती ती मधली तार ज्या कंपनीच्या मालकीची होती ती कंपनी, म्हणजे अमेरिकेतील सर्वांत मोठी केबल कंपनी कॉमकास्ट.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः प्रयोग करून या गोष्टीची खातरजमा केली. प्रयोगासाठी निवडलेला ग्रंथही मासलेवाईक होता. किंग जेम्स यांच्या नावाने ओळखले जाणारे बायबलचे इंग्रजी भाषांतर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचा प्रयत्न वृत्तसंस्थेने तीनदा केला. दोनदा तो फसला आणि तिसऱ्यांदा विलंबाने सुरू झाला. या भाषांतरावर अमेरिकेत कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तेव्हा ‘चोरीचा माल अडविला’ असे म्हणण्याची सोय कंपनीला उरली नाही. प्रथम कंपनीने असे काही आपण करीतच नाही असा पवित्रा घेतला. पुढे, आपण काहीही अडवीत नाही, फक्त ‘विलंब’ लावतो, असे तिचे म्हणणे झाले.

या घटनेला आता बरीच वर्षे लोटली आहेत. दूरदेशीच्या एका कंपनीने चार गाणी अडविली, त्याचा एवढा ऊहापोह आज कशाला, असे कोणी विचारील. परंतु प्रश्न गाण्यांचा नाही. आज परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, शिधापत्रिकेची नोंद, शाळेचा धडा आणि परगावी असलेल्या मुलाचा आवाज, हे सारे ज्या तारेवरून घरात येते, त्या तारेच्या मालकाला तिच्यावरून काय जावे व काय जाऊ नये हे ठरविण्याचा अधिकार आहे काय, हा तो प्रश्न आहे. कॉमकास्टच्या प्रकरणात तो प्रथमच स्वच्छपणे पुढे आला. त्यामुळे त्याचा विचार करताना ते प्रकरण मुळापासून पाहणे उपयुक्त ठरते.

सामाईक नळ आणि दहा बादल्या

केबल कंपनीची तार मुळात दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरोघर पोचविण्यासाठी टाकलेली. त्यामुळे कंपनीकडून घराकडे येणारी वाट रुंद आणि घराकडून कंपनीकडे जाणारी वाट अरुंद, अशी तिची घडण. शिवाय ही वाट प्रत्येक घराला स्वतंत्र नसते. एका वस्तीतील अनेक घरे ती वाटून घेतात. चाळीतल्या सामाईक नळाची उपमा येथे चपखल बसते. एरवी पाणी सर्वांना पुरते. परंतु सकाळी एकाच वेळी सर्वांच्या बादल्या आल्या की धार बारीक होते.

या नळावर २००१ साली एक नवे गिऱ्हाईक आले. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने बिटटोरेंट नावाची पद्धत तयार केली. मोठी फाईल सर्वांनी एकाच ठिकाणाहून उतरवून घेण्याऐवजी तिचे लहान लहान तुकडे करावयाचे आणि ज्याला जो तुकडा मिळाला त्याने तो इतरांस द्यावयाचा, अशी ही योजना. घेणारा प्रत्येक जण येथे देणाराही होतो. एरवी मागणी वाढली की वस्तूची टंचाई भासू लागते. येथे मागणी वाढली की पुरवठाच वाढतो. मोठा संगणक विकत घेण्याची ऐपत नसलेली विद्यार्थ्यांची एखादी मंडळीसुद्धा आपले काम हजारो लोकांपर्यंत पोचवू शकते, हा या सहकारी पद्धतीचा मोठाच गुण. लिनक्ससारखी विनामूल्य संगणकप्रणाली अशाच रीतीने देशोदेशी पसरली. तिचा उपयोग चित्रपटांच्या आणि गाण्यांच्या चोरट्या नकला वाटण्यासाठीही मुबलक झाला, हेही नाकारण्याचे कारण नाही.

तथापि जे देणे-घेणे सर्वांना जमते त्याचा भार त्या अरुंद, घराबाहेर जाणाऱ्या वाटेवरच पडतो. त्यात आणखी एक मेख आहे. १९८६ मध्ये इंटरनेटच्या बाल्यावस्थेत कोंडीमुळे ते ठप्प होण्याची वेळ आली, तेव्हा व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने गर्दीची चाहूल लागताच प्रत्येक संगणकाने आपला वेग आपणहून कमी करावा, अशी पद्धत बसवून दिली. आजही इंटरनेट चालते ते मुख्यतः या स्वयंशिस्तीवर. परंतु ही शिस्त माणसागणिक नव्हे, तर जोडणीगणिक वाटप करते. बिटटोरेंट एका वेळी अनेक जोडण्या उघडते. म्हणजे रांगेत एकेक बादली लावण्याचा रिवाज असताना एकाच बिऱ्हाडाने दहा बादल्या लावाव्यात, तसे झाले. रिवाज मोडला नाही, पण शेजाऱ्याचे पाणी मात्र घटले.

तेव्हा कंपनीच्या गाऱ्हाण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. तार टाकण्यास भांडवल लागते, ती रुंद करण्यास वेळ लागतो, आणि मूठभर ग्राहकांच्या अहोरात्र चालणाऱ्या देवाणघेवाणीपायी शेजारच्या वृद्ध गृहिणीचा मुलाशी चाललेला संवाद अडखळत असेल, तर कंपनीने हातावर हात ठेवून बसावे असे कोणीही म्हणणार नाही. टंचाई खरी असेल तर वाटपही करावेच लागते. मतभेद आहे तो वाटप कसे करावे यासंबंधी.

वाटपाच्या उजळ आणि अंधाऱ्या रीती

टंचाईच्या वस्तूचे वाटप करण्याच्या तीन रीती अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही सांगितलेल्या असतात. किंमत वाढवावी, प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यावा, किंवा रांग लावावी. तिन्ही रीतींमध्ये दोष आहेत. किमतीच्या रीतीत गरिबाची कुचंबणा होते, वाट्याच्या रीतीत काळाबाजार उद्भवतो, रांगेत वेळ फुकट जातो. परंतु तिन्हींचा एक समान गुण असा की, त्या उघड असतात. किंमत फळ्यावर लिहिलेली असते, वाटा शिधापत्रिकेवर नोंदलेला असतो, रांग डोळ्यांना दिसते. अन्याय झाला तर तो दाखविता येतो.

कॉमकास्टने चौथीच रीत पत्करली. तिने नियम जाहीर केला नाही. ग्राहकाच्या संदेशांत डोकावून ते कोणत्या प्रकारचे आहेत हे पाहिले आणि एका विशिष्ट प्रकाराची देवाणघेवाण खोटा संदेश घुसवून तोडली. पूर्वी परगावी बोलावयाचे तर एक्स्चेंजमधील ऑपरेटरमार्फत ट्रंककॉल लावावा लागे. त्या ऑपरेटरने संभाषण चोरून ऐकावे आणि मध्येच पलीकडच्या माणसाचा आवाज काढून ‘बरे, ठेवतो आता’ असे म्हणून फोन बंद करावा, तर त्या कृत्यास जे नाव द्यावे लागेल तेच येथेही द्यावे लागते. ‘व्यवस्थापन’ हा शब्द त्यास पुरा पडत नाही.

बरे, हा उपाय केवळ गर्दीच्या वेळेपुरता होता असेही दिसले नाही. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संगणकशास्त्रज्ञांनी २००८ साली निरनिराळ्या देशांतील ग्राहकांच्या जोडण्यांची चाचणी घेतली. कॉमकास्टच्या जोडण्यांवर ही तोडफोड दिवसाच्या सर्व प्रहरी चालू असल्याचे त्यांना आढळले. पहाटे तीन वाजता नळाला भरपूर पाणी असतानाही एका बिऱ्हाडाची बादली उलटी करावयाची, याचे समर्थन टंचाईच्या नावाने करता येत नाही.

यापुढे जाऊन हितसंबंधांचा विचार केला पाहिजे. कॉमकास्ट ही केवळ इंटरनेट पुरविणारी कंपनी नव्हती. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम विकणे हा तिचा मूळचा धंदा. इंटरनेटवरून चलच्चित्रे घरी येऊ लागली की त्या धंद्याला ओहोटी लागणार, हे उघड होते. बिटटोरेंटच्या पद्धतीने कायदेशीररीत्या चित्रफिती पुरविणाऱ्या व्हूझ या कंपनीने २००७ साली सरकारी आयोगाकडे धाव घेतली ती याच कारणास्तव. रस्त्याचा मालक स्वतःच दुकानदार असला आणि समोरच्या दुकानाकडे जाणारी वाट त्यानेच ‘दुरुस्तीसाठी’ बंद ठेवली, तर दुरुस्तीचे कारण खरे की खोटे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहू देता येत नाही.

मक्तेदार मुद्दाम निकृष्ट सेवा का देतो, याचे उत्तर फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ झ्युल द्युपुई याने १८४९ सालीच देऊन ठेवले आहे. त्या काळी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च कंपन्यांना जड होता म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्या वर्गाकडे वळू नये म्हणून, असे त्याचे निदान होते. गरिबाला भिजविण्यात कंपनीस आनंद नव्हता. श्रीमंताला धाक घालावयाचा होता. तारेच्या मालकापुढेही हाच मोह कायम उभा असतो. साधी वाट थोडी खडबडीत ठेवली की गुळगुळीत वाटेचे वेगळे मोल मागता येते. मग वाट रुंद करण्यात त्याचे हित उरत नाही. टंचाई हेच त्याचे भांडवल बनते.

स्पर्धा असेल तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जाईल, असे उत्तर यावर दिले जाते. ते तत्त्वतः बरोबर आहे. परंतु अमेरिकेतील बहुसंख्य वस्त्यांत त्या काळी केबलची एक आणि टेलिफोनची एक अशा दोनच तारा घरात येत होत्या. शिवाय स्पर्धेचा उपयोग ज्याला दोष कळतो त्यालाच. पृष्ठ उशिरा उघडले तर दोष संगणकाचा, पलीकडच्या संस्थेचा, की मधल्या तारेचा, हे सामान्य ग्राहकाला कसे कळावे? ओरेगॉनच्या गृहस्थांना ते कळले, कारण संदेशांची उकल करण्याची विद्या त्यांना अवगत होती. ज्यांना ती अवगत नव्हती अशा लाखो ग्राहकांनी आपला संगणकच बिघडला असावा अशी समजूत करून घेतली असल्यास नवल नाही.

वाहकाचा जुना धर्म

हा प्रश्न इंटरनेटने प्रथम निर्माण केला असेही नाही. होडीवाला, गाडीवान, सराईवाला यांनी योग्य मोबदला देणाऱ्या कोणाही वाटसरूस नाकारू नये, हा इंग्लंडच्या परंपरागत कायद्यातील जुना दंडक आहे. जो सर्वांसाठी वाहतुकीचा धंदा मांडतो त्याने सर्वांची वाहतूक सारख्याच न्यायाने केली पाहिजे, असे त्याचे सार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील रेल्वेकंपन्यांनी मर्जीतल्या बड्या व्यापाऱ्यांना गुप्त सूट देऊन लहान शेतकऱ्यांना नाडले, तेव्हा १८८७ साली आंतरराज्य व्यापार कायदा करून तेथील संसदेने हाच दंडक रेल्वेस लागू केला. भारतातही १८९० च्या रेल्वे कायद्यात कोणा एका व्यक्तीस अवाजवी झुकते माप देण्यास मनाई करणारे कलम होते. परकीय राजवटीलाही जे तत्त्व मालगाडीच्या बाबतीत मान्य करावे लागले, ते विचार आणि माहिती वाहून नेणाऱ्या तारेच्या बाबतीत विसरले जावे, हे विपरीत होय.

दूरध्वनीच्या इतिहासातील एक कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. कॅन्सस सिटीमधील अल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचे साहित्य पुरविणाऱ्या व्यावसायिकाला असा संशय होता की, एक्स्चेंजमध्ये बसणारी स्त्री त्याची गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते. त्या संशयापायी त्याने मधल्या माणसाची गरजच न ठेवणारे स्वयंचलित एक्स्चेंज शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. यंत्र पक्षपात करीत नाही, अशी त्याची श्रद्धा होती. शंभर वर्षांनंतर यंत्रालाही पक्षपात शिकविता येतो हे सिद्ध झाले. आणि यंत्राचा पक्षपात अधिक घातक, कारण तो थकत नाही आणि त्याचा आवाज ओळखता येत नाही.

आयोग, न्यायालये आणि हेलकावे

कॉमकास्टविरुद्ध ग्राहकसंघटनांनी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या आयोगाकडे तक्रार केली. फेब्रुवारी २००८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयात आयोगाची जाहीर सुनावणी झाली. तिच्यासाठी जागा धरून ठेवण्याकरिता आपण पैसे देऊन माणसे बसविली होती, अशी कबुली कॉमकास्टला पुढे द्यावी लागली. सभागृह भरल्यामुळे अनेक नागरिकांना बाहेरूनच परतावे लागले. तारेवरील रांगेचा वाद ऐकावयाच्या सभेतही रांगेचा असा उपयोग व्हावा, हा योग काही निराळाच म्हणावा लागेल.

१ ऑगस्ट २००८ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला. कंपनीची पद्धत भेदभावाची ठरवून ती वर्षअखेरपर्यंत बंद करावी आणि आपली कार्यपद्धती जाहीर करावी, असा आदेश देण्यात आला. दंड मात्र झाला नाही. विशेष म्हणजे अध्यक्ष केव्हिन मार्टिन हे रिपब्लिकन पक्षाचे असूनही त्यांनी डेमोक्रॅट सदस्यांच्या बाजूने मत दिले. उद्योगांवर शासनाची बंधने नकोत असे मानणाऱ्या गृहस्थासही या प्रकारात काही तरी मूलतः गैर दिसले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

परंतु एप्रिल २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा आदेश रद्द केला. कंपनीचे वर्तन योग्य होते असे न्यायालयाने म्हटले नाही. आयोगाला या बाबतीत अधिकारच नाही, असे म्हटले. त्याचे कारण आयोगाच्याच जुन्या करणीत होते. २००२ साली आयोगाने केबलवरील इंटरनेटला ‘दूरसंचार’ न मानता ‘माहितीसेवा’ मानले होते आणि त्यामुळे वाहकाचा जुना दंडक तिला लागू होत नव्हता. पुढचा इतिहास म्हणजे एका शब्दाच्या अर्थावरील हेलकाव्यांचा इतिहास आहे. २०१० साली केलेले नवे नियम २०१४ मध्ये न्यायालयाने बहुतांशी रद्द ठरविले. २०१५ मध्ये आयोगाने इंटरनेटला दूरसंचार म्हटले. २०१७ मध्ये सत्तापालटानंतर तो निर्णय फिरविला. २०२४ मध्ये पुन्हा पूर्वपदावर आणला. आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने तोही रद्दबातल केला. आता कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचे स्वतःचे कायदे तेवढे तेथील ग्राहकाच्या मदतीला आहेत. ज्या तत्त्वाला संसदेच्या कायद्याचा पाया नसतो, ते दर निवडणुकीबरोबर डळमळते, हा त्यातील बोध.

कॅनडाने त्या मानाने शहाणपणाची वाट धरली. तेथील नियामक आयोगाने ऑक्टोबर २००९ मध्ये उपायांचा क्रमच लावून दिला. कंपनीने प्रथम तारेची क्षमता वाढवावी. ते पुरेसे नसेल तर दर आणि वापराच्या मर्यादा यांचा अवलंब करावा. वेग मंदावण्यासारखे तांत्रिक उपाय अगदी अखेरीस योजावेत, तेही ग्राहकांना आगाऊ सूचना देऊन.

दुसरी वाट होती

कंपनीपुढे अन्य मार्गच नव्हता, हा बचाव तर तिच्याच पुढील वर्तनाने खोटा ठरविला. २००८ च्या अखेरीस कॉमकास्टने जुनी पद्धत सोडली आणि नवी आणली. एखाद्या वस्तीतील तार खरोखरच भरत आली, तर त्या क्षणी जे ग्राहक फार मोठा वापर करीत असतील त्यांच्या वाहतुकीला अल्पकाळ मागे ठेवावयाचे. मग ते गाणी पाठवोत, चित्रफीत पाहोत की आणखी काही करोत. गर्दी ओसरली की सर्व पूर्ववत. किती भार झाला, किती वेळ मागे ठेवले, याचे निकष कंपनीने लेखी प्रसिद्ध केले. महिन्याला २५० गिगाबाइटची मर्यादाही तिने ऑक्टोबर २००८ पासून उघडपणे घातली. ती मर्यादा कोणाला जाचक वाटली असेल. पण तिच्याशी भांडता येत होते, कारण ती कागदावर होती.

दुसऱ्या बाजूलाही शहाणपण सुचले. गर्दी दिसताच इतरांच्या आधी आपण माघार घ्यावी अशी नवी पद्धत बिटटोरेंटच्या कर्त्यांनी आपल्या प्रणालीत आणली आणि २०१२ साली इंटरनेटच्या मानकांची चर्चा करणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळाने तशी पद्धत दस्तऐवजात नोंदविली. दहा बादल्या लावणारे बिऱ्हाड, चाळ जागी झाली की, बादल्या बाजूला घेऊ लागले. म्हणजे चोरून केलेल्या तोडफोडीने जे साधले नाही ते उघड चर्चेने साधले. लपवाछपवीच्या काळात मात्र एकीकडे कंपन्या डोकावण्याची यंत्रे विकत घेत होत्या आणि दुसरीकडे ग्राहक आपले संदेश गुप्तलिपीत गुंडाळीत होते. दोन्हीकडचा हा खर्च समाजाच्या दृष्टीने निव्वळ वाया गेलेला.

भारतापुरते पाहता

भारतात हा वाद निराळ्या रूपाने आला. २०१५ साली काही ठरावीक सेवा फुकट आणि बाकीच्या सशुल्क, अशा योजना पुढे आल्या, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे नागरिकांनी धाडली. त्यांत विद्यार्थ्यांचा आणि नोकरदारांचा वाटा मोठा होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकूर पाहून दर ठरविण्यास बंदी केली. ही बंदी दरापुरती होती. वेगाचा प्रश्न नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत हाताळला गेला: कोणताही मजकूर अडवू नये, मंदावू नये वा त्याला झुकते माप देऊ नये, गर्दीचे व्यवस्थापन करावयाचे तर ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असावे. जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या. जगातील चांगल्या नियमांत त्यांची गणना व्हावी असेच हे नियम आहेत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ठरलेला कोटा संपला की जोडणीचा वेग मंदावतो, हा अनुभव येथील घरोघरी आहे. तो त्रासदायक असला तरी, योजनेच्या पत्रकात लिहिलेला असेल आणि सर्व प्रकारच्या मजकुरास सारखाच लागू होत असेल, तर त्यास अन्याय म्हणता येणार नाही; ती शिधावाटपाची उघड रीत झाली. अन्याय सुरू होतो तो कोटा शिल्लक असताना, पत्रकात न लिहिता, एकाची वाहतूक दुसऱ्याहून वेगळी वागविली जाते तेव्हा. हा दुसरा प्रकार घडतो की नाही, हे आज ग्राहकाने कसे ओळखावे? नियम उत्तम असला तरी मोजमापाची व्यवस्था नसेल, तर तो वजनमापे न तपासणाऱ्या बाजारातील फलकासारखा राहतो. अशी तपासणी व देखरेख करण्यासाठी कंपन्या, संशोधक आणि ग्राहकप्रतिनिधी यांची एक संयुक्त संस्था असावी, अशी शिफारस प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये केली होती. त्या शिफारशीमागील आग्रह सोडता कामा नये. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अशा चाचण्यांचे काम सहज देता येईल. शाळा, ग्रंथालये आणि निमशहरी गावे येथील जोडण्या वर्षभर मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले, तर तक्रारीला पुराव्याचे बळ येईल. आणि अमेरिकेतील हेलकावे पाहता, परवान्याच्या अटींवर विसंबून न राहता संसदेच्या कायद्यातच हे तत्त्व नमूद करणे इष्ट ठरेल.

कॉमकास्टच्या ग्राहकांनी न्यायालयात जो सामुदायिक दावा लावला, तो अखेर २००९ मध्ये एक कोटी साठ लाख डॉलरांवर मिटला. प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त सोळा डॉलर येणार होते. या लहानशा रकमेतच या प्रश्नाचे मर्म आहे. नुकसान जेव्हा लाखो लोकांत इतके पातळ वाटले जाते, तेव्हा त्यासाठी कोर्टाची पायरी चढणे कोणा एकालाच परवडत नाही, आणि लाभ जेव्हा एकाच ठिकाणी गोळा होतो, तेव्हा तो राखण्यासाठी वकिलांची फौज उभी करणे सहज परवडते. व्यक्तिशः किरकोळ आणि समूहाला भारी, अशा अन्यायाच्या निवारणासाठीच सार्वजनिक नियम आणि सार्वजनिक देखरेख असावी लागते.

पोस्टमनने पत्र पोचवावे, त्यास उशीर होणार असेल तर तसे सांगावे, टपाल फार झाले तर टपालखात्याने जादा माणसे नेमावीत किंवा दर वाढवावेत. हे सारे समजण्यासारखे आहे. परंतु पाकीट फोडून आतला मजकूर पाहण्याचा आणि न आवडल्यास ‘घेणाऱ्याने नाकारले’ असा खोटा शेरा मारून ते परत करण्याचा अधिकार त्याला कोणत्याही सुसंस्कृत समाजाने दिलेला नाही. तार काचेची झाली आणि पाकिटे प्रकाशाच्या वेगाने जाऊ लागली, एवढ्यावरून तो अधिकार नव्याने उत्पन्न होत नाही.